गव्हाची नक्कल नको

तुझ्या लेकीला सिलिअॅक हा गहू न चालणारा आजार असल्याचं कळल्यापासून तू मैद्याला पर्याय शोधते आहेस. बिनमैद्याचा केक, बिनमैद्याची बिस्किटं, बिनमैद्याचा पाव. मावशीचं ऐकशील तर पहिलं वर्षभर तरी त्या वाटेला जाऊ नकोस. पावाला आणि केकला जो जाळीदार, धरून राहणारा पोत येतो त्यात गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनाचा मोठा हात असतो. ते काढलं की तीन-चार पिठं आणि डिंक घालून त्याची नक्कल करत बसावं लागतं, आणि पहिल्याच घासाला सगळ्या मुलांना कळतं की हा तिच्यासाठी वेगळा केलाय. गहू सुटल्याचं दुःख लहान मुलीला फार दिवस राहत नाही. पंगतीत आपलं ताट वेगळं आहे हे मात्र टोचत राहतं. म्हणून खाऊ असा निवड की ज्यात गहू कधी नव्हताच. चॉकलेट आणि शेंगदाणे ही त्यातली माझी सर्वांत लाडकी जोडी. डबा उघडला की घरातली, शेजारची सगळी मुलं त्यावर तुटून पडतात आणि तिचा खाऊ कुठला हे कुणाच्या डोक्यातही येत नाही.

याची निम्मी तयारी तुझ्या घरात आधीच आहे. उपासाचं फडताळ उघड. शेंगदाणे, राजगिरा, वरी, साबुदाणा, शिंगाडा, यातल्या कशातही ग्लूटेन नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ हेही तसेच. ग्लूटेन असतं ते गहू, जव आणि राय या धान्यांत. म्हणजे कणीक, रवा, मैदा, दलिया, शेवया बंद, आणि भाजक्या गव्हाचं सातूचं पीठही बंद. खपली हाही गहूच आहे. ‘खपली पचायला हलकी, तिला चालेल’ असं कुणी प्रेमाने म्हणालं तरी नाही म्हण.

पण धान्यात ग्लूटेन नाही म्हणून त्याच्या पिठातही नसेल असं धरून चालू नकोस. गिरणीत आपला राजगिरा ज्या जात्यात पडतो त्यात आपल्या आधी कुणाचे तरी गहू दळलेले असतात. विकतच्या सुट्या नाचणीच्या पिठाचंही तेच. म्हणून अख्खं धान्य आण, निवड, धू, कडक उन्हात वाळव आणि घरीच मिक्सरवर दळ. थोडं रवाळ राहील, पण आपल्या खाऊला ते चालतं. घरघंटी असेल आणि तिच्यात गहू दळले जात असतील तर तिलाही यातून वगळ.

आता भांडी. माझं सगळ्यांत जास्त लक्ष चाळणीवर असतं, कारण मैदा चाळलेल्या चाळणीच्या जाळीतून पीठ पूर्ण कधीच निघत नाही, कितीही घासा. कोको आणि पिठीसाखर चाळायला नवी चाळणी घे. गहू पाखडलेलं सूप, पोळपाट-लाटणं, भेगा पडलेला लाकडी चमचा, चरे पडलेला नॉनस्टिक तवा, हे या कामात नकोतच. स्टील आणि काच घासून स्वच्छ होतात, ती वापर. मिक्सरच्या भांड्याच्या झाकणाचं रबर काढून बघ, खाली काय काय साठलेलं असतं ते दिसेल. जमलं तर एक लहान भांडं फक्त दाण्यांसाठी वेगळं ठेव. आणि पोळ्या चालू असताना ओट्यावर चॉकलेट वितळवायला घेऊ नकोस. परातीतलं पीठ उडतं आणि बराच वेळ हवेत राहून खाली बसतं. दुपारी ओटा पुसून झाल्यावर हे काम काढावं, तेव्हा घरही शांत असतं.

शेंगदाण्यांबद्दल मी थोडं जास्त बोलणार आहे, कारण खाऊची चव तिथेच ठरते. पुण्याच्या भुसारात जाडा, स्पॅनिश, घुंगरू अशा नावांनी दाणे मिळतात. पीनट बटरला मी बारीक, गोलसर दाणा घेते. तो सारखा भाजला जातो आणि त्याला तेलही चांगलं सुटतं. कच्चेच दाणे घे. फरसाणाच्या दुकानातले तळलेले दाणे ज्या कढईतून निघतात त्याच तेलात शंकरपाळे आणि समोसे तळलेले असतात. मसाला शेंगदाण्यांच्या पिठात काय आहे ते कळत नाही, आणि मसाल्यात बांधानी हिंग असेल तर त्यात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं. हे हिंगाचं तुझ्या रोजच्या आमटीसाठीही लक्षात ठेव.

दाणे ताटात पसरून निवड. सुरकुतलेला, काळपट, बुरशी आलेला, चवीला खवट किंवा कडू दाणा सरळ फेकून दे. बुरशीच्या दाण्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष असू शकतं आणि ते भाजल्याने पूर्णपणे जात नाही. निवडण्यात गेलेली दहा मिनिटं कधीही वाया जात नाहीत.

जाड बुडाच्या कढईत अर्धा किलो दाणे मंद आचेवर भाज. मोठ्या आचेवर वरून काळे आणि आतून कच्चे राहतात, मग बटर कडवट लागतं आणि चिकटही होतं. पंधरा-वीस मिनिटं हलवत राहा. साल तडकायला लागलं की एक दाणा थंड करून दोन फाकी कर. आतून फिकट बदामी दिसला की आच बंद, पण कढईतून लगेच ताटात काढ, कारण गरम कढईत तो पुढे भाजतच राहतो. कोमट झाले की स्वच्छ पंच्यात चोळून सालं काढ. काही सालं राहिली तर राहू देत, त्यांचा किंचित तुरटपणा चॉकलेटजवळ छान लागतो.

दाणे अजून कोमट असतानाच दळायला घे, गार दाण्याला तेल सुटायला वेळ लागतो. आधी नेहमीचं कूट होईल. मग ते भांड्याच्या कडेला चिकटून बसेल आणि पातं नुसतंच फिरेल. इथे बहुतेक जणी घाबरून पाणी घालतात. पाण्याचा थेंबही नको. पाण्याने ते घट्ट होतं आणि टिकतही नाही. चमच्याने कडा खरवड, मिक्सरला दोन मिनिटं विसावा दे, पुन्हा अर्धा मिनिट फिरव. कुटाचा गोळा होईल, मग गोळा सैल पडेल आणि एका क्षणी तकतकीत होऊन वाहायला लागेल. दाण्यात जवळजवळ निम्मं तेलच असतं, ते बाहेर यायला फक्त वेळ द्यावा लागतो. फारच अडलं तर चमचाभर शेंगदाण्याचं तेल घाल. शेवटी अर्धा चमचा मीठ. मीठ विसरलीस तर चॉकलेटची सगळी गोडी सपाट होते.

हे बटर काचेच्या कोरड्या बरणीत भर आणि तिच्यावर लेकीचं नाव लाव. घरातल्या बाकीच्यांसाठी दुसरी बरणी. ब्रेडवर फिरवलेला चमचा पुन्हा बरणीत गेला की त्या बरणीचा तिला उपयोग नाही. काही दिवसांनी वर तेल तरंगेल, ते ओतून टाकू नकोस, ढवळून घे.

गोडासाठी एक गोष्ट कानात ठेव. पीनट बटरमध्ये काकवी किंवा मध घातलास की ते एकदम आवळून घट्ट होतं. वाहतं सारण हवं असेल तर पिठीसाखर घाल, आणि लाडूसारखं वळायचं असेल तर काकवी. पिठीसाखरही घरीच दळ, विकतच्या आयसिंग शुगरमध्ये स्टार्च मिसळलेला असतो आणि तो कशाचा आहे हे दर वेळी तपासत बसावं लागतं.

आता चॉकलेट. पाकिटावर दोन गोष्टी वाच. पहिली, घटकांची यादी. गव्हाचं पीठ, बिस्किट, वेफर, माल्ट, बार्ली यातलं काहीही दिसलं की पाकीट परत ठेव. माल्ट बहुधा जवापासून करतात, म्हणून मुलांच्या दुधात घालायच्या बऱ्याच चॉकलेटी पावडरीही तिला चालत नाहीत. मक्याच्या पोह्यांचंही असंच आहे. कॉर्नफ्लेक्स मक्याचे असले तरी चवीला त्यात बहुतेक वेळा माल्ट घातलेलं असतं. लेसिथिन दिसलं तर भिऊ नकोस, त्याचा गव्हाशी संबंध नाही. दुसरी गोष्ट, अॅलर्जीची ओळ. ‘गव्हाचे अंश असू शकतात’ असं लिहिलेलं चॉकलेट मी तिच्यासाठी घेत नाही. आपल्याकडच्या अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे एका किलोत २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन असलेल्या पदार्थावर ‘ग्लूटेन फ्री’ लिहिता येत नाही. तो शिक्का असलेलं मिळालं तर तेच घे. तीच कंपनी, तेच पाकीट असलं तरी दर खेपेला पुन्हा वाच, घटक बदलतात. कोको पावडरही अशीच वाचून घे.

त्याच यादीत कोको बटर आहे की वनस्पती तेल, हेही दिसेल. वनस्पती तेलाचं ते कंपाउंड. ते वितळवलं, ओतलं, गोठलं, काही कौशल्य लागत नाही. चव मात्र जिभेवर मेणासारखी रेंगाळते. कोको बटरचं खरं चॉकलेट ३४ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून तोंडात टाकताच विरघळतं. म्हणूनच सोलापूर-नागपूरच्या मे महिन्यात ते ताटातही उभं राहत नाही. माझं मत विचारशील तर थंडीत खरं चॉकलेट आणि उन्हाळ्यात कंपाउंड. उन्हाळ्यात हट्टाने खरं वापरून ओघळलेला खाऊ देण्यात अर्थ नाही.

वितळवताना पाण्याशी वैर धर. खाली पातेल्यात बोटभर पाणी तापव, वर कोरडं स्टीलचं भांडं ठेव, त्याचं बूड पाण्याला लागता कामा नये. चमचा कोरडा, हात कोरडे, आणि वर झाकण ठेवायचं नाही, नाहीतर वाफेचं पाणी आत ठिबकतं. वितळलेल्या चॉकलेटमध्ये एक थेंब पाणी गेलं तरी आतल्या साखरेचे कण ओले होऊन एकमेकांना धरतात आणि रेशमासारखं चॉकलेट क्षणात रवाळ गोळा होतं. तसं झालं तर फेकू नकोस. त्यात चमचा चमचा गरम दूध घालून ढवळ, पुन्हा मऊ होईल. पुढे सांगते त्या चॉकलेटच्या वाट्यांवर ओतायला ते उपयोगी नाही, पण पोळीऐवजी नाचणीच्या घावनावर फासायला फार छान. दोन तृतीयांश चॉकलेट वितळलं की आच बंद कर, उरलेलं त्याच उष्णतेत वितळतं.

खऱ्या चॉकलेटला चकाकी आणि कटकन मोडणारा कडकपणा हवा असेल तर टेंपरिंग करावं लागतं. डार्क चॉकलेट ४५ ते ५० अंशांपर्यंत तापव, मग बाजूला काढून ठेवलेले न वितळवलेले तुकडे घालत, ढवळत ३१-३२ अंशांपर्यंत खाली आण. दुधाच्या चॉकलेटला २९-३० पुरे. स्वयंपाकघरातलं थर्मामीटर आता सहज मिळतं, ते घे. नसेल तर ओठाखाली टिंब लावून बघ, किंचित गार वाटलं पाहिजे. हे चुकलं तर चॉकलेटवर पांढुरके पट्टे येतात. ते कोको बटर वर आल्यामुळे दिसतात, बुरशी नसते, खायला हरकत नाही.

आता वाट्या. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात हर्शी गावात हॅरी बर्नेट रीस यांनी १९२८ मध्ये पीनट बटर भरलेल्या चॉकलेटच्या वाट्या करायला घेतल्या, त्याच जगभर गेल्या. घरी करायला त्या सोप्या आहेत. २०० ग्रॅम पीनट बटर, ६० ग्रॅम पिठीसाखर, चमचाभर साजूक तूप आणि चिमूट मीठ एकत्र मळ. सैल वाटलं तर मंद भाजलेलं नाचणीचं पीठ दोन चमचे घाल, नाचणीचा खमंगपणा दाण्याला जुळतो. कागदी वाट्यांत चमचाभर चॉकलेट ओत, दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेव. सारणाची चपटी गोळी आत बसव, कडेला थोडी जागा सोडून. वरून चॉकलेटने झाक. कडेला चॉकलेट एकमेकांना मिळालं नाही तर सारणाचं तेल बाहेर झिरपतं. अडीचशे ग्रॅम चॉकलेटमध्ये वीसेक वाट्या होतात.

मला मात्र वाट्यांपेक्षा राजगिऱ्याच्या वड्या आवडतात. लाह्या घरी फोडता आल्या तर उत्तम. कढई कडक तापव, एका वेळी चमचाभरच राजगिरा टाक, स्वच्छ फडक्याच्या बोळ्याने फिरव, फुलला की लगेच काढ. चाळून न फुटलेले दाणे वेगळे कर, ते दाताखाली खड्यासारखे येतात. दीडशे ग्रॅम वितळलेल्या चॉकलेटमध्ये शंभर ग्रॅम पीनट बटर मिसळ आणि दोन-अडीच वाट्या लाह्या घाल. तुपाच्या ताटात थाप, अर्धवट गोठल्यावर वड्या पाड. पूर्ण गोठल्यावर कापायला गेलीस तर तुकडे होतील. गुळाच्या पाकातल्या राजगिऱ्याच्या वड्या पावसाळ्यात ओल धरून चिवट होतात. चॉकलेट आणि दाण्याचं तेल लाहीभोवती थर धरतं, त्यामुळे या वड्या कुरकुरीत राहतात.

तिला चालेल असं चॉकलेट मिळालं नाही तर आपला उपासाचा दाण्याचा लाडू आहेच. अडीचशे ग्रॅम भाजलेले दाणे, दीडशे ग्रॅम चिरलेला गूळ, तीन चमचे कोको, थोडं मीठ. कोको आधी चमचाभर गरम तुपात अर्धा मिनिट परतून घे, त्याचा कच्चा उग्रपणा जातो. सगळं मिक्सरमधून फिरव, तेल सुटायला लागलं की थांब आणि लाडू वळ. वेलची घालू नकोस, कोकोचा वास दबतो.

नाचणी-कोकोची नानखटाई पुढच्या खेपेला करू. तोवर एवढंच सांगते की बिनगव्हाची नानखटाई भट्टीतून काढताना मऊ असते, तिला ताटलीतच पूर्ण गार होऊ दे. आणि ओट्सच्या चॉकलेट-वड्या सगळीकडे दिसतात, त्या इतक्यात नकोत. ओट्स बहुधा गव्हाच्या संगतीत पिकतात आणि दळले जातात. ग्लूटेन फ्री लिहिलेले ओट्ससुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नकोस.

घरातले वडीलधारे म्हणतील, एका घासाने काय होतंय, प्रसाद आहे, शिऱ्याचा कण तरी दे. त्यांच्यावर चिडू नकोस, त्यांच्या लहानपणी हा आजार कुणी ऐकलेला नव्हता. त्यांना डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांची गोष्ट सांग. गव्हाचा या आजाराशी संबंध असावा अशी शंका त्यांना आधीपासून होती. दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये भयंकर उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला. देश खंगत होता, तेव्हा सिलिअॅकची मुलं मात्र सुधारत होती, आणि पाव परत आल्यावर ती पुन्हा आजारी पडली. १९५० मध्ये डिके यांनी यावर प्रबंध लिहिला. आजही या आजारावर गहू, जव, राय आयुष्यभर सोडणं हाच उपाय आहे. मग देवघरातला नैवेद्यच त्या दाण्याच्या लाडवाचा कर, प्रसाद सगळ्यांच्या हातावर एकच पडेल.

धाकट्याचीही तपासणी करून घे. सख्ख्या भावंडांत हा आजार असण्याची शक्यता जास्त असते. तपासणी होईपर्यंत त्याचा गहू मात्र बंद करू नकोस, नाहीतर रक्ताच्या चाचणीत खरं काय ते दिसत नाही.

शाळेत डबा द्यायच्या आधी बाईंना विचार, वर्गात कुणाला शेंगदाण्याची अॅलर्जी आहे का. असेल तर दाण्यांऐवजी भोपळ्याच्या किंवा सूर्यफुलाच्या बियांचं असंच बटर कर. वाट्या आणि वड्या घट्ट झाकणाच्या डब्यात, थरांमध्ये बटर पेपर घालून फ्रिजमध्ये ठेव. बाहेर काढल्यावर डबा अर्धा तास उघडू नकोस, विशेषतः पावसाळ्यात, नाहीतर गार चॉकलेटवर दव धरून साखर वर येते आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. फ्रीझरमध्ये दहा-बारा वाट्या कायम असू देत. वर्गातल्या कुणाच्या वाढदिवसाचा निरोप आदल्या रात्री आला की एक डबा खालच्या कप्प्यात उतरवून ठेव. तिला एकटीला पुरेल इतका भरू नकोस. तिच्या बाकावरच्या मैत्रिणींनाही पुरेल इतका भर.